अर्धशिशी, दमा आणि अर्ध्या चेहऱ्याची बाई

डोक्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बाहेर बाकावर बसलेल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. त्या बाकावर मी अकरा वर्षं बसले. तिथे बसून आपण मनात काय करत असतो ते मला पक्कं ठाऊक आहे. आत गेल्यावर काय सांगायचं आणि काय गिळून टाकायचं, ह्याची आपण जुळवाजुळव करत असतो. मी गिळण्यात पटाईत होते आणि त्यापायी मरता मरता वाचले. बाकावर वेळ असतोच, तेवढ्यात हे वाचून होईल.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरला राहायचो. हे, म्हणजे माझे यजमान, अंबडच्या एका कारखान्यात पाळीने कामाला. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि आमची मुलगी पल्लवी. सासूबाई निफाडकडच्या, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. मी घरी ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे.

पल्लवी पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मशीनवर बसले आणि सुईचं टोक दिसेना. सुई बोटाला लागत होती, पण दिसत नव्हती. डोळे चोळले, तर अंगठाही दिसेनासा झाला. मग डावीकडे एक चमचमणारी नागमोडी रेघ उभी राहिली आणि हळूहळू सरकायला लागली. तेवढ्यात आत्याबाई चहा घेऊन दारात आल्या. त्यांना डावीकडचा चेहराच नव्हता. एक डोळा, एक कान, अर्धं तोंड. ते अर्धं तोंड मला म्हणालं, "चहा घे गं, निवतोय."

मी किंचाळले नाही, ह्याचं मला अजून कौतुक वाटतं. खाली बघून कप घेतला. अर्ध्या तासाने रेघ गेली, आत्याबाई पुऱ्या झाल्या आणि डोक्याच्या उजव्या बाजूला कुणीतरी आतून खिळा ठोकायला सुरुवात केली. दुपारपर्यंत चार वेळा ओकले. खिडकीला चादर बांधून अंधारात पडून राहिले.

"अर्धशिशी हाय ती," आत्याबाई म्हणाल्या. "सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायाची, उतरती बघ."

महिनाभर दूध-जिलबी खाल्ली. जिलबी चांगली असायची, पण अर्धशिशी आठवड्याला एकदा यायचीच. मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणली की डोकं थोडं उतरायचं, पण छाती जड व्हायची, घशात शीळ वाजायला लागायची. त्या शिळेचं कारण घरात फक्त मला माहीत होतं.

*

मी येवल्याची. वडील मागावर पैठणी विणायचे आणि मला पाचव्या वर्षापासून दमा. थंडीत रात्र रात्र बसून काढायची. लग्नाचं बघायला लागले तेव्हा आईने मला समोर बसवून सांगितलं, "दम्याचा शब्द तोंडातून काढायचा नाही. सर्दी म्हणायचं." दमेकरी मुलगी कोण करतो? दोन स्थळं त्याच कारणाने मोडली होती. तिसऱ्या वेळी वडिलांनी पाहुण्यांना सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे, आणि मी चहाचा ट्रे घेऊन ठणठणीत चालत बाहेर आले.

पुढची दहा वर्षं मी सर्दीच म्हणत राहिले. माहेरी गेले की आई कुरडयांच्या डब्यात तळाशी दम्याचे, तोंडाने ओढायचे दोन पंप ठेवून द्यायची. तेच मी शिलाईच्या डब्यात, रिळांच्या खाली लपवायचे. छाती दाटली की मोरीत जायचे, नळ पूर्ण सोडायचे, म्हणजे आवाज ऐकू जात नाही, आणि दोनदा पंप ओढून बाहेर यायचे. हे ओरडायचे, "नळ कशाला सोडून ठेवतेस? पाणी काय फुकट येतं?" मी म्हणायचे, "हो, चुकलं."

पल्लवीने मात्र एकदा बघितलं. मोरीची कडी नीट लागली नव्हती.

"आई, तू काय ओढतेस?"

"डासांचं औषध आहे."

सहा वर्षांच्या मुलीला डास तोंडात मारत नाहीत एवढं कळतं. ती हसली. आता ही आत्याबाईंना सांगणार, असं वाटलं. मग मी ते केलं जे गल्लीत सगळी पोरं करतात. तिची दोन बोटं माझ्या गळ्याच्या कातडीला लावली आणि म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ घे. कुणालाही सांगायचं नाही. सांगितलंस तर आई मरेल."

तिने चिमटीत माझा गळा धरून शपथ घेतली. पोरांच्यात शपथेचा नियम कडक असतो. ज्याने घातली त्यानेच "सुटली" म्हणायचं, तोवर ती सुटत नाही. तिने लगेच विचारलं, "कधी सुटली म्हणशील?" मी म्हटलं, "म्हणेन कधीतरी." आणि विसरून गेले.

*

जिलबी हरली तेव्हा ह्यांनी मला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत आत्याबाई. डॉक्टर शांत होते. त्यांनी नागमोडी रेघेचं ऐकून मान डोलावली, जणू ती रेघ त्यांच्या ओळखीची होती. वेड लागलेलं नाही, हा मायग्रेनच, म्हणाले. मला रडू आलं. तीन महिने मी कुणाला अर्ध्या चेहऱ्यांचं सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी कागदावर एकेक विचारायला सुरुवात केली. साखर? रक्तदाब? हृदयाचं काही?

"दमा? धाप लागते कधी?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "नाय हो. कसला दमा! आमच्या घरात नाय कुनाला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. एका बाजूला हे, एका बाजूला आत्याबाई. मी मान हलवली. नाही. त्यांनी कागदावर एक आडवी रेघ मारली आणि रोज घ्यायची एक गोळी लिहून दिली. "हिने डोकं वरचेवर दुखणार नाही," म्हणाले. त्यांची काही चूक नव्हती. चूक त्या रेघेची होती, आणि ती मी मारायला लावली होती.

*

गोळीने डोकं खरंच थांबलं. तीन आठवडे रेघ नाही, खिळा नाही. आत्याबाईंनी डॉक्टरांच्या नावाने नारळ फोडला.

पण झोपेत बाई यायला लागली.

दुपारी जरा पडले की ती यायची. अर्ध्या चेहऱ्याची. आत्याबाई नव्हे, ओळखीची कुणीच नव्हे. पदर नीट घेऊन माझ्या छातीवर मांडी घालून बसायची आणि माझ्याकडे न बघता कुठेतरी बघत राहायची. मी उठायचा प्रयत्न करायचे, अंग हलायचं नाही. जाग यायची तेव्हा छातीत शीळ वाजत असायची आणि बाई गेली तरी तिचं वजन तिथेच असायचं. गोळीने अशी घट्ट, जिवंत स्वप्नं पडू शकतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटलं, डोक्यातून हाकलली म्हणून ती छातीत राहायला आली.

आत्याबाईंना एवढंच सांगितलं की वाईट स्वप्नं पडतात. त्यांनी लिंबू उतरवून नाक्यावर टाकलं. मी मोरीत जाऊन पंप ओढला. पूर्वी दोन ओढींत छाती मोकळी व्हायची. आता चार ओढल्या तरी काही होईना. पंप हलवून बघितला, भरलेला होता. आरशात बघितलं तर ओठांना पेन्सिलीचा रंग आला होता.

त्याच आठवड्यात आत्याबाईंनी गाद्या भरायला पिंजारी बोलावला. त्याने अंगणात कापूस पसरला आणि धनुकली मारायला लागला. टुंग, टुंग, टुंग. कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते, दारातून, खिडकीतून आत येत होते. मी दार लावलं. टुंग, टुंग. हवा होती, मला दिसत होती, पांढरी, भरपूर, आणि त्यातली एवढीशीही माझ्या आत जात नव्हती. मोरीत जाऊन पंप ओढला, पाच, सहा, सात. ह्या वेळी नळ सोडायचं भान राहिलं नाही. मग बाई आली. मी जागी होते, उभी होते, तरी ती येऊन छातीवर बसली.

*

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. रिक्षा. आत्याबाई माझी पाठ चोळत "देवा, देवा" म्हणताहेत. पल्लवी शाळेच्या गणवेशात, दप्तर अजून पाठीला. दवाखान्यातली खाट, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि एक तरुण डॉक्टर माझ्यावर वाकून विचारतोय, "आधी असं कधी झालंय? दमा आहे ह्यांना?"

"नाय," आत्याबाई म्हणाल्या.

शेजारच्यांनी कारखान्यात फोन केला होता, हे धावत आले. डॉक्टरांनी त्यांनाही तेच विचारलं.

"नाही हो. कधीच नाही. फक्त अर्धशिशी."

डॉक्टर हृदयाचं काही आहे का म्हणून धावपळ करायला लागले. मी हात वर करायला गेले, हात खाटेवरून उठेना. सांगायला एक शब्द लागत होता, दोन अक्षरांचा, आणि तेवढा वारा माझ्याजवळ नव्हता. दहा वर्षं जो शब्द गिळला तो आता बाहेर यायला तयार नव्हता. मी मरते आहे हे मला अगदी स्वच्छ कळलं. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

तेव्हा पल्लवी खाटेच्या कडेला आली. तिने मास्कजवळ तोंड आणलं.

"आई, सुटली म्हण."

मी तिच्याकडे बघितलं.

"आई, सुटली म्हण ना. लवकर म्हण."

मी ओठ हलवले. काही आलं नाही. ती वाट बघत राहिली. तिचा हात तिच्या स्वतःच्या गळ्यावर गेला होता, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आवाज नव्हता. मग ती वळली आणि त्या डॉक्टरला म्हणाली, "माझी आई पंप ओढते. मोरीत. शिलाईच्या डब्यात आहे. डासांचा नाही तो."

डॉक्टरने ह्यांना विचारलं, "अर्धशिशीला कोणती गोळी चालू आहे?" ह्यांनी नाव सांगितलं. ते ऐकून तो नर्सवर ओरडला आणि सगळं एकदम बदललं, सुया, नळ्या, वाफ. नंतर मला समजावून सांगितलं ते एवढंच, की अर्धशिशीची ती गोळी दमेकऱ्याची छाती आवळते आणि वर पंपाचं औषध लागू देत नाही. ज्याला दमा नाही त्याला ती गोळी औषध, मला विष.

हे सगळं चालू असताना पल्लवी किंचाळायला लागली. "आई मरेल, मी सांगितलं, आता आई मरेल." तिला उचलून बाहेर नेलं.

*

चार दिवस वॉर्डात होते. सकाळी साडेपाचला फिनेलचा वास, सहाला थर्मामीटर, सातला पातळ चहा. शेजारच्या खाटेवर पेठकडची एक म्हातारी होती. ती मला रोज विचारायची, "श्वास हाय का गं?" आणि मी "हाय" म्हटलं की समाधानाने कूस बदलायची. तेवढी चौकशी दुसऱ्या कुणी केली नाही.

कारण घरचे गप्प होते. आत्याबाई डबा आणायच्या, ठेवायच्या, जायच्या. हे दुसऱ्या दिवशी खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "दहा वर्षं? नळ सोडून?" मला हसूही आलं आणि त्याच वेळी जीव द्यावासा वाटला. एवढ्या वर्षांत ह्या माणसाला मी नुसतं पाणी वाया घालवणारी बायको म्हणून माहीत होते.

आत्याबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या माहेरच्यांना तर त्यांनी पुढे दोन वर्षं दारात उभं केलं नाही, आणि मला त्यांचा राग आला नाही. एक दिवस मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. त्या कढईसमोर उभ्या होत्या. पाठ न वळवता म्हणाल्या, "बाहेर जा. मिरचीची फोडनी टाकते हाय." मी अंगणात जाऊन उभी राहिले आणि ओक्साबोक्शी रडले. त्या दिवसापासून प्रत्येक फोडणीच्या आधी मला बाहेर जायचा हुकूम मिळायचा.

*

अर्धशिशी परत आली, येणारच होती. ह्या वेळी नाशिक रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी कागदावर सगळं लिहून नेलं होतं, दमा केव्हापासून, कोणता पंप, कोणत्या गोळीने छाती भरते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बरं झालं लिहून आणलंत. तुमच्यासाठी बरीच औषधं बाद झाली. उरलेल्यांतून शोधू." शोधायला दीड वर्ष गेलं. एका गोळीने दिवसभर झोप, दुसरीने तोंडाला कोरड. तिसरीने वजन वाढलं, पण डोकं महिन्यातून एकदावर आलं आणि छाती सुखरूप राहिली. मी तिसरी घेतली. साडीचे ब्लाउज उसवून मोठे केले, शिवणकाम येत होतंच.

मी सगळ्यांना सांगत सुटले, डॉक्टरांपासून काही लपवू नका म्हणून. आणि स्वतः पुन्हा एक गोष्ट लपवली.

ती बाई गेली नव्हती.

पहिली गोळी बंद झाल्यावर ती छातीवर बसायची थांबली. पण डोकं चढलं की मी खिडकीला चादर बांधून पडायचे, तेव्हा संध्याकाळच्या सुमारास दार किंचित उघडायचं आणि ती आत यायची. डाव्या बाजूने, जिथे मला धड दिसत नसे. उजेड तिच्या पाठीशी. अर्धा चेहरा, तोही काळा. उशाशी येऊन उभी राहायची. मग एक थंडगार, ओला हात माझ्या नाकाखाली यायचा. मी डोळे गच्च मिटून घ्यायचे आणि गणपती स्तोत्र म्हणायचे. डोळे उघडायचे तेव्हा दार लावलेलं असायचं.

सगळ्यात भयंकर सांगू? ती वाढत होती. सुरुवातीला ती बुटकी होती, खाटेच्या दांडीच्या जरा वर. दोन-तीन वर्षांनी ती खिडकीच्या कठड्याएवढी झाली. पुढे पुढे दाराच्या कडीला तिचा खांदा लागायचा. मी मनात म्हणायचे, छतापर्यंत पोहोचेल तेव्हा मला घेऊन जाईल. हे मी कुणाला सांगणार? गोळी लागू पडली होती. बाईचं सांगितलं तर गोळी बंद होईल आणि पुन्हा ते आठवड्याचे खिळे सुरू होतील, म्हणून गप्प बसले. दमेकरी म्हणवून घ्यायला दहा वर्षं लागली, वेडी म्हणवून घ्यायची तयारी नव्हती.

अकरा वर्षं झाली. पल्लवी कॉलेजला जायला लागली. गेल्या थंडीत बाई आली तेव्हा, पडल्या पडल्या बघताना, तिचं डोकं जवळजवळ चौकटीला टेकल्यासारखं दिसलं. मी घाबरले. पुढच्या भेटीला पल्लवी माझ्यासोबत आली होती. तिच्यासमोर नको वाटत होतं, पण डॉक्टरीणबाईंनी "आणखी काही?" विचारलं आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, चेहरा, ओला हात, वाढणारी उंची.

डॉक्टरीणबाई एकदम गंभीर झाल्या. "इतकी वर्षं? आणि आज सांगताय?" त्यांनी पेन उचललं. "ही गोळी थांबवू. मेंदूचा फोटो काढून घेऊ. मग दुसरं काय देता येतं बघू. तुमच्या दम्यामुळे फारसं काही उरलेलं नाही."

"मॅडम, गोळी बदलू नका," पल्लवी म्हणाली.

आम्ही दोघींनी तिच्याकडे बघितलं. तिचा हात गळ्यावर गेला होता.

"ती मी आहे."

*

बाहेर बाकावर ती माझ्या शेजारी बसली. मग सांगायला लागली. शाळेतून आल्यावर चादर बांधलेली दिसली की ती आत यायची. माझ्या नाकाखाली हात धरायची. श्वास लागला की परत जायची.

"आणि हात ओला का असायचा?"

"शाळेतून आल्यावर आधी हातपाय धुवायचे, असं तूच सांगितलं होतंस ना."

अकरा वर्षं मी ज्या बाईला भिऊन डोळे मिटत होते, ती बाई मी जिवंत आहे का बघायला येत होती. एकदा जरी डोळे उघडले असते तर माझीच पोर दिसली असती.

"अगं पण कशाला? मी तर तेव्हाच वाचले. तू सांगितलंस म्हणून वाचले."

"ते कळतं मला," ती म्हणाली. "मी काय लहान आहे? पण शपथ मोडली ती मोडलीच. आणि तू म्हणाली नाहीस." तिचा आवाज सहा वर्षांच्या मुलीसारखा बारीक झाला. "मी थांबले होते, आई. तू म्हणाली नाहीस."

मी तिचा हात गळ्यावरून काढला, माझ्या गळ्याला लावला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं, "सुटली."

जरा मोठ्याने म्हटलं गेलं असावं. बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. पल्लवी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, म्हणून मी पुन्हा म्हटलं, आणि तिचं रडं थांबेपर्यंत म्हणत राहिले.